ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांची खातेवही: दुर्मीळ प्राण्यांच्या नोंदी कुठून सुरू झाल्या?

दर वर्षी जानेवारी उजाडला की लंडन झूमधली तीच ती छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकतात. पेंग्विनांच्या घोळक्यात पाटी-खडू घेऊन उभा असलेला कीपर, वही धरलेल्या माणसाकडे रोखून पाहणारा वाघ, आणि वर मथळा: झूची वार्षिक शिरगणती सुरू. एकूण आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. त्यात वाघ एकेक करून मोजलेले असतात, तर मुंग्यांची अख्खी वसाहत एक म्हणून धरलेली असते. हा देखावा अर्थातच छायाचित्रकारांची सोय बघून मांडलेला असतो, कारण पेंग्विन किती आहेत हे त्यांना रोज मासे घालणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. पण मोजदाद स्वतः लुटुपुटीची नाही. तिच्यामागे कायदा आहे, आणि कायद्याच्या मागे दोनशे वर्षांच्या वह्या आहेत.

या वह्या सुरू झाल्या त्या मालकीपोटी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या सरदारांना परदेशी प्राणी पाळण्याची हौस होती. लिव्हरपूलजवळच्या नोज्ली इथे डर्बीचे तेरावे अर्ल यांनी उभारलेला खासगी संग्रह त्या काळी सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक होता. १८५१ मध्ये ते वारले आणि सगळा संग्रह लिलावात निघाला. विक्रीसाठी केलेल्या यादीत ३४५ सस्तन प्राणी आणि १२७२ पक्षी होते. त्या काळात इंग्लंडमध्ये कोणकोणते दुर्मीळ प्राणी जिवंत होते, हे शोधणाऱ्याला आज अशा लिलावाच्या याद्यांचाच आधार घ्यावा लागतो. प्राणी लिहून ठेवले, ते विकायचे होते म्हणून.

लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीची तऱ्हा थोडी वेगळी होती. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८२८ मध्ये रीजंट्स पार्कात बाग उघडली, आणि त्याच वर्षापासून ‘डेली ऑकरन्सेस’ नावाची रोजकीर्द सुरू केली. आज कोणता प्राणी आला, कोणाकडून आला, कोणता मेला, कोणाला पिल्लू झालं, किती लोक बघायला आले, हे सगळं तिच्यात रोजच्या रोज उतरवलं जाई. १८६० ते १९०२ असा दीर्घ काळ सोसायटीचे सचिव असलेले फिलिप लटली स्क्लेटर यांनी या कच्च्या नोंदींवरून बागेतल्या पृष्ठवंशी प्राण्यांची छापील यादी काढली. पहिली आवृत्ती १८६२ ची, आणि पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश, कधी आला, दाता कोण, असा सगळा थाट होता. १९२९ मध्ये मेजर स्टॅन्ली फ्लॉवर यांनी १८२८ पासूनची पूर्ण शंभर वर्षं धुंडाळून तीन खंडांची सूची तयार केली. असल्या कोरड्या याद्यांना कोणी साहित्य म्हणणार नाही, पण माझ्या मते बागेतल्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा त्या मोलाच्या आहेत.

एवढं लिहूनही जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. १८५१ मध्ये लंडन झूत क्वागाची एक मादी आली. क्वागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्राचा प्रकार, पुढच्या अर्ध्या अंगावर पट्टे आणि मागे साधा तपकिरी. जिवंत क्वागाची म्हणून जगात जी मोजकी छायाचित्रं आहेत ती सगळी याच मादीची. १८७२ मध्ये ती मेली, तशी नोंद झाली आणि वहीचं पान उलटलं. ॲमस्टरडॅमच्या झूमधली शेवटची क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी मेली, तेव्हा ती पृथ्वीवरची शेवटची आहे हे तिथल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. लंडनमधल्या शेवटच्या टास्मानियन वाघाचंही (हा खरा वाघ नव्हे, पिशवीत पिल्लू वाढवणारा पट्टेरी शिकारी प्राणी) १९३१ मध्ये तेच झालं. त्यानंतर पाचच वर्षांनी टास्मानियातल्या होबार्टमधला मेला आणि जात संपली. प्रत्येक झूकडे स्वतःची वही होती. सगळ्या वह्या एकत्र करून बेरीज मांडणारा कोणी नव्हता.

ही बेरीज पहिल्यांदा मांडली गेली ती युरोपीय बायसन या रानगव्यासारख्या जनावरासाठी, आणि तीही ब्रिटनबाहेर. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आणि नंतरच्या काही वर्षांत जंगलातले बायसन शिकाऱ्यांनी संपवले. १९२३ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. ठिकठिकाणच्या बागांत मिळून ५४ जनावरं उरली होती आणि आजचे सगळे बायसन त्यांतल्या फक्त १२ जनावरांचे वंशज आहेत. १९३२ मध्ये त्यांची वंशनोंदवही छापली गेली. रानटी प्राण्यासाठी निघालेलं हे पहिलं स्टडबुक. घोड्यांची आणि गाईगुरांची स्टडबुकं इंग्रजांना नवी नव्हती, पण तिथे हेतू होता किंमत वाढवण्याचा. इथे हेतू होता सख्ख्या भावा-बहिणींची जोडी न लागू देण्याचा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपडीत आपल्या पणजोबांचं नाव सापडतं ना, तशीच ही चोपडी. फरक इतकाच की हिच्यावरून पुढची सोयरीकही ठरते.

ब्रिटनच्या वाट्याला या काळात आलेली मोठी गोष्ट म्हणजे वोबर्न ॲबी या बेडफर्डच्या ड्यूकांच्या जहागिरीतलं हरीण. पेर दाविद हरीण चीनमध्ये रानात केव्हाच संपलं होतं. पेकिंगजवळच्या (आजच्या बीजिंगजवळच्या) शाही उद्यानातला कळपही पूर आणि परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत नष्ट झाला. बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकने युरोपातल्या झूंकडून एकेक करत १८ हरणं आपल्या जमिनीवर गोळा केली. प्रत्येक झूने आपली दोन-चार जनावरं कवटाळून ठेवली असती, तर ही जात बहुधा उरली नसती. १९८५ मध्ये वोबर्नची हरणं त्याच पेकिंगच्या उद्यानात परत गेली. सरदारी हौसेबद्दल वर जरा तिरकं लिहिलं खरं, पण एका सरदाराच्या हौसेनेच एक अख्खी जात वाचवली हेही मान्य करायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र वेगाने बदललं. लंडनच्या सोसायटीने १९६० मध्ये ‘इंटरनॅशनल झू इयरबुक’चा पहिला खंड काढला. डेस्मंड मॉरिस आणि कॅरोलिन जार्विस हे त्याचे संपादक. जगभरच्या झूंकडून माहिती मागवून कोणता दुर्मीळ प्राणी कुठे आणि किती, त्यांत नर-माद्या किती, बंदिवासात जन्मलेले किती, याची शिरगणती त्यात छापली जाऊ लागली. क्वागाच्या वेळी जी बेरीज नव्हती ती आता दर वर्षी टपालाने घरपोच मिळू लागली. तिचा उपयोगही लगेच दिसला. १९६२ मध्ये अरबी ऑरिक्स हा वाळवंटातला लांब शिंगांचा, हरणासारखा प्राणी वाचवण्याची मोहीम निघाली, तेव्हा वाळवंटात पकडलेल्या मूठभर जनावरांच्या जोडीला बंदिवासात आणखी कुठे ऑरिक्स आहेत हे ठाऊक असणं गरजेचं होतं. लंडन झूने आपली मादी दिली. ॲरिझोनातल्या फीनिक्स झूत कळप जमला. १९७२ मध्ये रानातला शेवटचा ऑरिक्स मारला गेला आणि दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, ओमानच्या वाळवंटात नवे ऑरिक्स सोडले गेले.

१९७४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटामधून संगणकावर नोंदी ठेवणारी ‘आयसिस’ ही व्यवस्था सुरू झाली. आज ती ‘स्पीशीज३६०’ म्हणून ओळखली जाते आणि तिची ‘झिम्स’ ही प्रणाली ब्रिटनमधली बहुतेक मोठी झू वापरतात. झूच्या जगात आकडे लिहिण्याची एक मजेशीर लिपी आहे. कागदावर ‘२.३.१’ असं दिसलं तर ते कलम किंवा उपकलम नव्हे. दोन नर, तीन माद्या आणि एक अजून न ओळखलेलं. ‘१.०’ वाचलं की जाणकार हळहळतो, कारण नर एकटाच आहे.

या सगळ्यात सरकार बराच काळ कुठेच नव्हतं. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या लाँगलीटला मोटारीतून सिंह बघायची सोय झाली आणि सफारी पार्कांचं पेव फुटलं. लंडनच्या हॅरॉड्स दुकानात तर १९६९ मध्येही सिंहाचा छावा विकत मिळत होता. १९७६ मध्ये धोकादायक वन्यप्राणी पाळण्यावर परवान्याचं बंधन आलं, आणि १९८१ चा झू परवाना कायदा १९८४ पासून लागू झाला. वर्षातून सात किंवा त्याहून जास्त दिवस लोकांसाठी खुला असणारा रानटी प्राण्यांचा कोणताही संग्रह आता झू ठरला आणि त्याला परवाना बंधनकारक झाला. परवान्यासोबत वार्षिक यादीची अट आली. १ जानेवारीला किती होते, वर्षात किती आले, किती जन्मले, त्यांतले जन्मल्यापासून तीस दिवसांत किती गेले, एरवी किती मेले, किती बाहेर पाठवले आणि ३१ डिसेंबरला किती उरले, असे रकाने ओळीने भरायचे. जन्मल्याबरोबर गेलेल्यांचा रकाना वेगळा ठेवण्यात शहाणपण आहे. नाहीतर जन्माचा आकडा दाखवून कोणीही आपलं प्रजनन यशस्वी म्हणून मिरवेल.

कागदावरची नोंद चुकली की काय होतं, याचं एक उदाहरण भारतातच आहे. वन्यजीवप्रेमी बिली अर्जन सिंग यांनी १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस झूमधून तारा नावाची वाघाची बछडी आणली, उत्तर प्रदेशातल्या दुधवा जंगलाजवळ वाढवली आणि रानात सोडली. पुढे १९९० च्या दशकात दुधव्याच्या वाघांच्या जनुकीय तपासणीत सायबेरियन वाघाच्या खुणा सापडल्या आणि बोट ताराकडे गेलं. त्या काळी युरोपातल्या झूंमध्ये वाघांच्या उपजाती सर्रास एकमेकींत मिसळलेल्या होत्या आणि ‘बंगाल टायगर’ ही पाटी कोणी फारशी तपासत नसे. सिंहांच्या बाबतीत असाच घोळ अमेरिकेत झाला. आशियाई म्हणून वाढवलेल्या सिंहांच्या पाच मूळ पूर्वजांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे निघाले, आणि १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर तो सगळा प्रजनन कार्यक्रम मोडीत निघाला. युरोपने मग जुनागढच्या सक्करबाग झूतून आलेल्या सिंहांवर नव्याने वंश उभा केला. लंडन झूमध्ये आज दिसणारे गीरचे सिंह याच वंशनोंदीतले.

वाघ-सिंह मोजायला माणसं आपणहून पुढे येतात. नोंदीचा कस लागतो तो गोगलगायीपाशी. फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर झाडावर राहणाऱ्या पार्टुला गोगलगायींच्या अनेक जाती होत्या. शेतीला उपद्रव देणारी मोठी आफ्रिकी गोगलगाय आटोक्यात आणायला म्हणून तिथे एक शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. मूरेआ बेटावर ती १९७७ मध्ये पोहोचली आणि आफ्रिकी गोगलगायीऐवजी तिने पार्टुलांचाच फडशा पाडला. उरलेल्या पार्टुला १९८० च्या दशकापासून लंडन, एडिंबरा, ब्रिस्टल अशा झूंच्या मागच्या खोल्यांत, प्लॅस्टिकच्या डब्यांत वाढवल्या गेल्या. बोटाच्या पेराहून लहान जीव, डब्यागणिक मोजायचे. पार्टुला टर्जिडा या जातीतली शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडन झूत परजीवी संसर्गाने मेली, आणि एक जात कोणत्या खोलीत संपली हे जगाला अगदी नेमकं कळलं. बाकीच्या काही जाती मात्र तगल्या. बेटांवर सोडताना प्रत्येकीच्या कवचावर रंगाचा ठिपका दिला जातो. २०२४ मध्ये पार्टुला तोहिवेआना जातीच्या काही प्रौढ गोगलगायी सापडल्या, त्यांच्या कवचावर ठिपका नव्हता. म्हणजे त्या तिथेच, रानात जन्मल्या होत्या.

मग आज ब्रिटनमधल्या कोणत्या झूत कोणता दुर्मीळ प्राणी आहे, हे एका जागी वाचायला मिळतं का? आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देशभरच्या झूंकडून ३१ मार्चअखेरची यादी मागवतं आणि प्रसिद्ध करतं, त्यामुळे राणीच्या बागेत किती पेंग्विन आहेत हे घरबसल्या पाहता येतं. ब्रिटनमध्ये यादी जाते ती स्थानिक कौन्सिलकडे, आणि तिथल्या फायलीत राहते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये लागू झाल्यापासून ती मागता येते, पण कौन्सिलागणिक वेगळा अर्ज. झिम्सची दारं मुख्यतः सदस्य संस्थांना उघडी. खासगी पाळणाऱ्यांकडचे पक्षी, मासे आणि सरडे या जाळ्यात जवळजवळ येतच नाहीत, आणि दुर्मीळ माशांच्या काही जाती तर अशा हौशी लोकांच्या टाक्यांमुळेच टिकल्या आहेत. जमशेदपूरला जन्मलेल्या जेराल्ड डरेल यांनी १९५९ मध्ये उघडलेलं जर्सीचं झू दुर्मीळ प्राण्यांसाठी नावाजलेलं, पण जर्सी बेट युनायटेड किंग्डमचा भाग नसल्याने १९८१ चा कायदा तिथे चालत नाही. मधल्या फटी भरतात ते पदरमोड करून गावोगावच्या झूंना भेटी देणारे, पाट्या वाचणारे, काय आलं-गेलं ते टिपून ठेवणारे हौशी. मोठ्या संस्था त्यांना फारसं मोजत नाहीत. पण एखादं छोटं झू बंद पडलं आणि तिथला आसामी कबुतरांचा जोड कुठे गेला असा प्रश्न आला, की उत्तर बहुधा यांच्याच वहीत मिळतं.

सध्याची अडचण निराळीच आहे. १९८५ पासून युरोपातल्या झूंचा सामाईक प्रजनन कार्यक्रम चालतो. एका जातीची वंशनोंद जर्मनीतल्या झूकडे, दुसरीची डेन्मार्ककडे, तिसरीची इंग्लंडमधल्या चेस्टर झूकडे, अशी कामाची वाटणी असते, आणि कोणत्या नराने कुठे जायचं हे तिथून ठरतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून जनावरं नेण्या-आणण्याची कागदपत्रं, पशुवैद्यकीय मंजुऱ्या आणि सीमेवरच्या तपासण्या इतक्या वाढल्या की पूर्वी सहज होणाऱ्या अनेक बदल्या रखडल्या. वंशनोंदीत जोडी जुळलेली असते, पण नर फ्रान्समध्ये आणि मादी इंग्लंडमध्ये, आणि दोघांचं वय वाढत चाललेलं.