मेटल डिटेक्टरने नाणेशोध

मेटल डिटेक्टर घेऊन शेते, माळराने, जुन्या पायवाटा आणि समुद्रकिनारे धुंडाळायचे व जमिनीत गडप झालेली नाणी हुडकायची, असा हा छंद आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत तो विशेष रुजला आहे. जमिनीत नाणी दोन प्रकारे जातात : कुणाच्या तरी हातातून निसटून एकेकटी, किंवा मुद्दाम पुरल्यामुळे एकगठ्ठा. छांदिष्टाच्या वाट्याला बहुधा पहिल्या प्रकारचीच येतात, तीही खिळे, बाटल्यांची बुचे आणि काडतुसांच्या पुंगळ्या यांच्या ढिगाऱ्यातून. हंडाभर नाणी सापडली की बातमी होते; रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची होत नाही.

धातुशोधक यंत्राचा जन्म काही नाण्यांसाठी झालेला नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे उपकरण वापरून पाहिले. गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्यासाठी हातात धरून चालवण्याजोगे यंत्र बनवले. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रे हलकी व स्वस्त झाली आणि हौशी लोकांच्या हाती पोहोचली.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत लहान लहान प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. हे उत्तर किती उशिरा येते यावरून धातूचा अंदाज बांधता येतो : चांदीचे जाड नाणे एका टोकाला, लोखंडाचा खिळा दुसऱ्या टोकाला. गोची मधल्या पट्ट्यात आहे. लहान सोन्याचे नाणे आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांच्यासाठी यंत्र दाखवते ते आकडे जवळपास सारखे येतात, म्हणून यंत्रातली कचरा गाळण्याची सोय फार कडक ठेवली तर सोनेही गाळले जाते. नेहमीच्या यंत्राला एकटे नाणे साधारण १५ ते २५ सेंमी खोलीपर्यंतच कळते. ते कडेवर उभे असेल किंवा शेजारी लोखंड असेल तर तेवढेही नाही.

खरे कसब कानात असते. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवायची, यंत्रातून आवाज आला की काटकोनात वळून त्याच जागेवरून पुन्हा न्यायची. दोन्हीकडून सारखा, स्वच्छ आवाज आला तर खणण्यात अर्थ आहे. एकीकडून गोड आणि दुसरीकडून तुटका आला तर बहुधा वाकडा खिळा. गवताळ जमिनीत तीन बाजूंनी कापून गवताचा थर झाकणासारखा उलटतात, माती कापडावर काढतात आणि शेवटी खड्डा पूर्ववत बुजवतात. नाणे दिसताच अंगठ्याने चोळून राजाचा चेहरा पाहण्याचा मोह आवरावा लागतो, कारण मातीतले वाळूचे कण पृष्ठभाग कायमचा ओरबाडतात.

पुरातत्त्वज्ञांचा या छंदावरचा आक्षेप रास्त आहे. नाणे कुठल्या थरात, कशाशेजारी होते ही माहिती खणताना एकदा पुसली की परत मिळत नाही. नांगराने आधीच उलथापालथ केलेल्या मातीच्या वरच्या थरात हे नुकसान कमी असते, अखंड थरात फार. इंग्लंडमधील फ्रोम येथे २०१० मध्ये एका छांदिष्टाला मोठे मडके लागले. त्याने खणणे थांबवून तज्ज्ञांना बोलावले. आत तिसऱ्या शतकातील ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. मडके थराथराने रिकामे केल्यामुळे कॅरॉसियस या बंडखोर सम्राटाची, म्हणजे सर्वांत अलीकडची नाणी बरीच खाली असल्याचे दिसले. मडके वर्षानुवर्षे थोडे थोडे भरले असते तर ती वर असती. अर्थात ते एकाच वेळी भरले गेले असावे. त्याआधी १९९२ मध्ये इंग्लंडमधल्याच हॉक्सन येथे शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना १५,००० च्या आसपास सोन्याचांदीची नाणी मिळाली. शोधणाऱ्याने तिथेही लगेच कळवले. तो हातोडाही संग्रहालयात गेला.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या निधी (म्हणजे पुरलेले धन) कायद्यानुसार ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन वा अधिक नाणी एकत्र सापडल्यास १४ दिवसांत कळवावे लागते. संग्रहालयाने ती घेतल्यास मिळणारे बक्षीस बहुधा शोधक आणि जमीनमालक यांच्यात विभागले जाते. जमीनमालकाची परवानगी तर आधीच लागते. फ्रान्समध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी यंत्र वापरायला सरकारी परवाना लागतो. डेन्मार्कमध्ये महत्त्वाची सापडलेली वस्तू सरकारची होते, ती राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावी लागते आणि शोधकाला मोबदला मिळतो.

कायदा मोडला की काय जाते ते २०१५ मध्ये इंग्लंडमधील लेमिन्स्टरजवळ दिसले. दोघांनी वायकिंग काळातला ठेवा काढून गुपचूप विकायला घेतला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. इंग्लंडमधल्या जुन्या राज्यांपैकी वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ दुसरा यांच्या सख्याची साक्ष देणारी दुर्मीळ नाणी त्यात होती. केओलवुल्फला वेसेक्सच्या बखरकारांनी क्षुल्लक ठरवले होते. ठेव्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक हाती लागलेली नाहीत.