भेंडीवरच्या हळद्याचे पूर्वज

सांत इस्तेव्हच्या लांबलचक, सात शिरांच्या भेंडीला गोव्यात मान आहे. पण भेंडी कुठलीही असो, हळद्या पडला की आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात. मधला भाग काही दिवस हिरवाच राहतो; पान उन्हात धरले तर पिवळी जाळी लख्ख दिसते. रोग पसरवते पांढरी माशी, तो होतो मात्र विषाणूमुळे. मुंबई इलाख्यातून त्याची नोंद १९२४ सालीच झाली होती. हा विषाणू मुळात आला कुठून?

त्याची सगळी जनुके डीएनएच्या एका एकेरी, गोल धाग्यात मावतात. लांबी जेमतेम २,७०० अक्षरे, म्हणजे डीएनएच्या साखळीतले ए, टी, सी, जी हे दुवे. एवढ्याशा जागेत स्वतःची नक्कल काढण्याची सगळी सामग्री मावणार कशी? म्हणून तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि ते काम भेंडीकडूनच करून घेतो. सुरुवात तेवढी त्याचे ‘रेप’ नावाचे प्रथिन करून देते. ‘टीएएटीएटीटीएसी’ ही नऊ अक्षरे गाठायची आणि सातव्या-आठव्या अक्षरांच्या मध्ये छेद द्यायचा. तिथून गोल धागा उलगडत जातो आणि नव्या प्रती तयार होतात.

नक्कल काढण्याची ही रीत जिवाणूंमधल्या प्लाझमिडांतही आढळते. प्लाझमिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळा राहणारा छोटा डीएनए, बहुधा गोल. वनस्पतींच्या अन्नवाहिन्यांत राहणाऱ्या फायटोप्लाझ्मा या जिवाणूंच्या काही प्लाझमिडांतले रेप तर हळद्याच्या विषाणूच्या घराण्यातल्या रेपशी विलक्षण जुळते. प्लाझमिडाला कवच नसते. विषाणूला ते आहे, आणि त्या कवचाच्या प्रथिनाची घडी वनस्पतींवरच्या काही आरएनए विषाणूंच्या, म्हणजे डीएनएऐवजी आरएनएत जनुके ठेवणाऱ्या विषाणूंच्या, कवचासारखी आहे. प्लाझमिडाने कवचाचे जनुक दुसऱ्या विषाणूकडून उचलले आणि त्यातून हे घराणे उभे राहिले, असे काही संशोधक मानतात. प्लाझमिड आधी की विषाणू, यावर वाद आहे. पण अशा विषाणूचा एकच मूळपुरुष शोधणे मला व्यर्थ वाटते. त्याच्या प्रत्येक जनुकाची वंशावळ वेगळी काढावी लागते.

भेंडीच्या हळद्यात तर आणखी एक भागीदार असतो, बीटासॅटेलाइट. विषाणूच्या साधारण निम्म्या लांबीचा हा गोल डीएनए; त्याच्याशिवाय रोगाची खरी लक्षणे उमटत नाहीत. त्याला ना स्वतःचे रेप, ना कवच. दोन्ही तो विषाणूचीच वापरतो. तरीही ती नऊ अक्षरे आणि त्यांच्या लगतचा वेटोळा सोडला, तर दोघांच्या डीएनएत साम्य जवळजवळ नाही. मोबदल्यात बीटासॅटेलाइट एक प्रथिन बनवतो. विषाणूची जनुके गप्प करण्याची भेंडीची जी स्वतःची यंत्रणा आहे, तीच ते लुळी पाडते.