सोंडेची मोट

विहिरीचे पाणी बैलांकडून ओढून पाटात सोडण्याचे चामडी साधन. महाराष्ट्राच्या पठारी भागातली विहीर-बागायत शेकडो वर्षे प्रामुख्याने मोटेवर चालली. तेराव्या शतकातील अरणचे संत सावता माळी यांच्या अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी हे शब्द एकापाठोपाठ येतात, म्हणजे माळ्याच्या रोजच्या बोलण्यात ही सामग्री तेव्हाच रुळलेली होती. जुन्या महसुली भाषेत मोटेवर भिजणारी जमीन ती मोटस्थळ आणि पाटाच्या वाहत्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ. कोकणात पाणी वर असल्याने नारळी-पोफळीच्या वाड्यांत गाडग्यांच्या माळेचा राहाट चाले. देशावर पाणी खोल गेले की ती माळ लांब आणि जड होते. मोटेला मात्र खोली वाढली तरी फक्त दोर लांब करावा लागतो.

साध्या मोटेला किंवा डोलाला एकच तोंड असते. असा डोल वर आला की काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला तो ओढून पालथा करावा लागतो. उत्तरेकडच्या चरसावर, म्हणजे तिकडच्या एकतोंडी चामडी मोटेवर, अशी दोन माणसे लागत. सोंडेच्या मोटेने हा दुसरा माणूस वाचवला, आणि माझ्या मते या साधनातली सर्वांत हुशार गोष्ट तीच आहे.

मोटेला दोन तोंडे असतात. वरचे रुंद तोंड लोखंडी कड्याने ताणून उघडे ठेवलेले, आणि खालच्या बाजूला चामड्याचीच लांब, दोन्हीकडून उघडी नळी, म्हणजे सोंड. कड्याला जाड दोर बांधतात, तो नाडा. सोंडेच्या टोकाला बारीक दोर बांधतात, त्याला सोल किंवा सोंदूर म्हणतात. नाडा विहिरीवर उंच बसवलेल्या चाकावरून जातो, तर सोल त्याच्या खाली, काठालगत आडव्या बसवलेल्या लाकडी कण्यावरून. दोन्ही दोरांची दुसरी टोके बैलांच्या जुवाला एकत्र बांधलेली असतात. सोल अशा मापाने बांधतात की मोट विहिरीत लोंबत असताना सोंड वर दुमडलेली राहते आणि तिचे टोक मोटेच्या तोंडाच्या पातळीला येते. त्यामुळे सोंड उघडी असूनही पाणी सांडत नाही.

बैल चालू लागले की दोन्ही दोर सारखेच ओढले जातात. मोट काठापाशी येते तेव्हा सोंडेचे टोक कण्याला भिडते. चाक अजून वर आहे, म्हणून मोट वर चढतच राहते. सोंडेला मात्र वर जायला वाव नसतो. ती कण्यावरून थारोळ्याकडे, म्हणजे काठावरच्या दगडी हौदाकडे, आडवी ओढली जाते. मोट उंचावर आणि सोंडेचे टोक खाली, इतके झाले की सगळे पाणी धो-धो थारोळ्यात पडते. झडप नाही, खटका नाही. चाक आणि कणा यांच्या उंचीतला फरक हीच इथली झडप. सोल दोन-चार बोटे सैल पडली तर पाणी वाटेतच विहिरीत गळू लागते, म्हणून मोट जुंपण्याआधी दोरांची लांबी पाहणे हे मोटकऱ्याचे पहिले काम.

दुसरी युक्ती धावेत आहे. थारोळ्यापासून शेताकडे उतरत जाणारी बैलांची वाट म्हणजे धाव. तिची लांबी विहिरीच्या खोलीच्या मानाने ठरते. भरलेली मोट ओढताना बैल उतारावरून खाली जातात आणि मोटकरी नाड्यावर बसून आपलेही वजन त्यात घालतो. परतताना बैल तोंड न वळवता मागच्या मागे चढ चढतात, तोवर रिकामी मोट पाण्यात उतरून भरते.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मोटेत 150 लिटर पाणी, विहीर 10 मीटर खोल, धाव सहा फुटांना एक फूट उतरती आणि बैलजोडीचे वजन 700 किलो धरू. उतारावर त्या वजनातला सुमारे 115 किलोचा ओढा आपोआप नाड्यावर येतो. 150 किलोच्या भारापैकी एवढे परस्पर फिटले, तर बैलांच्या खांद्याला उरते ते थोडेच, आणि चाक-कण्याचे घर्षण. हे बळ अर्थात फुकटचे नाही. मागे चढताना बैलांनी स्वतःचे शरीर वर नेऊन ते आधीच कमावलेले असते. म्हणजे एका दमात करायचे काम दोन हप्त्यांत वाटले जाते, आणि परतीची रिकामी वाटणारी फेरीसुद्धा पाणी उपसण्याच्याच कामी येते. मागे चालण्याची सवय बैलाला शिकवावी लागते. शिकलेला बैल केवळ मोटकऱ्याच्या आवाजावर थांबे आणि मागे सरे.

मोट शिवणे आणि तिची डागडुजी करणे हे गावच्या चांभाराचे काम, बलुत्याच्या व्यवहारातले. कमावलेले कातडे चामड्याच्याच वादीने शिवत. कातडे सतत ओले-सुके होत राहिल्याने झिजे, कडक पडे, म्हणून त्याला तेल पाजावे लागे. पुढे पत्र्याच्या मोटाही आल्या.

एका विहिरीवर किती मोटा चालतील हे झऱ्यांवर आणि बांधणीवर ठरे. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांची विहीर हा या बांधणीचा देखणा नमुना. शिलालेखानुसार वीरूबाई भोसले यांनी ती शके 1641 ते 1646 (इ.स. 1719 ते 1724) या काळात बांधून घेतली. विहीर सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची. नाव बारा मोटांचे असले तरी मोटा लावण्याच्या जागा 15 आहेत. आत दगडी महालही आहे. त्यातले कोरीव काम पाहायला लोक जातात, पण वर जाऊन मोटांच्या जागाही जरूर पाहाव्यात. कारण विहिरीचा सगळा थाट त्यांच्यासाठी आहे.

मोट पहाटे जुंपत आणि ऊन चढले की सोडत. थारोळ्यातले पाणी पाटाने वाफ्यांकडे जाई, तिथे दारे धरायला, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायला, घरातले दुसरे कोणीतरी, बहुधा बाई किंवा पोर, उभे असे. चाकाची कुरकुर आणि मोटकऱ्याचे गाणे शिवारात दूरवर ऐकू येई. विसाव्या शतकात ऑइल इंजिने आणि नंतर विजेचे पंप आले तशा मोटा मागे पडल्या. जुन्या विहिरींच्या काठावर चाकासाठी पुढे काढलेले दगड अजून दिसतात, आणि काही ठिकाणी दोरांनी घासून पडलेल्या खाचाही.