तोच प्रश्न पुन्हा, की पुढचा प्रश्न? ‘दुसरं सार्वमत’ या नावाखालच्या दोन मागण्या

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांच्या हाती पडलेल्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचं सदस्य राहावं, की संघातून बाहेर पडावं? खाली दोन चौकोन. ‘राहावं’समोर १ कोटी ६१ लाख फुल्या पडल्या, ‘बाहेर पडावं’समोर १ कोटी ७४ लाख. म्हणजे ढोबळ मानाने ४८ विरुद्ध ५२ टक्के. बाहेर पडून जायचं कुठे, युरोपशी व्यापार कोणत्या अटींवर करायचा, उत्तर आयर्लंडच्या सीमेचं काय करायचं, यातलं काहीच कागदावर नव्हतं. संघातून बाहेर पडणं, म्हणजे ‘ब्रेक्झिट’, ठरलं; पण पुढची साडेतीन वर्षं ब्रिटन भांडत राहिलं ते याच न छापलेल्या भागावरून.

त्या भांडणात ‘दुसरं सार्वमत घ्या’ ही मागणी सारखी कानावर यायची. पण त्या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी मागितल्या जात होत्या. एक, फेरसार्वमत: तोच प्रश्न लोकांना पुन्हा विचारायचा. दुसरी, मंजुरीचं सार्वमत: पहिला कौल मान्य, आता त्यातून जो करार निघाला तो पसंत आहे का, एवढंच विचारायचं. आपल्याकडे लग्नात पसंती वेगळी आणि याद्या वेगळ्या. पसंती झाल्यावर याद्यांना बसलं म्हणून कोणी पसंती मोडली असं म्हणत नाही. पण याद्यांच्या बैठकीत ‘मुलगी पुन्हा एकदा बघू’ म्हणणारा मामा निघाला, की मांडवाचं काही खरं नसतं.

फेरसार्वमताची मागणी सर्वांत आधी आली. निकालानंतर काही दिवसांत पार्लमेंटच्या एका याचिकेवर ४१ लाखांहून अधिक सह्या जमल्या. जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्क्यांहून कमी मतं असतील आणि एकूण मतदान ७५ टक्क्यांच्या खाली असेल, तर पुन्हा सार्वमत घ्या, असं तिचं म्हणणं. गंमत म्हणजे ही याचिका मतदानाच्या आधी, मे महिन्यात, बाहेर पडण्याच्याच बाजूच्या एका तरुणाने टाकली होती. आपण हरणार असं त्याला वाटत होतं. बाहेर पडण्याच्या बाजूचे पुढारी नायजेल फराज यांनीही त्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, की ‘राहावं’ ही बाजू ५२-४८ ने जिंकली तर विषय संपला असं समजू नका. निकाल ५२-४८ च लागला, फक्त उलट्या बाजूने. मग जिंकलेल्यांना तो अंतिम शब्द वाटू लागला आणि हरलेल्यांना विषय संपलेला दिसेना. सरकारने याचिका फेटाळली, आणि माझ्या मते योग्यच केलं. जिंकायला किती मतं लागतील हे खेळ संपल्यावर ठरवणं म्हणजे रडीचा डाव, मग याचिका कोणीही टाकलेली असो.

मंजुरीच्या सार्वमताची गोष्ट वेगळी. ते मागणारी ‘पीपल्स व्होट’ नावाची मोहीम एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा युरोपीय संघाशी वाटाघाटी चालू होत्या. वर्षअखेरीस पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार तयार झाला. १५ जानेवारी २०१९ ला पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने, हाउस ऑफ कॉमन्सने, तो २०२ विरुद्ध ४३२ मतांनी उडवून लावला. खासदारांना करार नको, कराराविना बाहेर पडणंही नको, आणि २०१६ चा कौल मोडायची हिंमतही नाही, अशी तिहेरी कोंडी झाली. तेव्हा काही खासदार म्हणाले, करार लोकांसमोर ठेवा. २७ मार्चला हा प्रस्ताव २६८ विरुद्ध २९५ ने पडला, १ एप्रिलला २८० विरुद्ध २९२ ने. १२ मतं! त्या आठवड्यांत मतांना टाकलेल्या पर्यायांपैकी एकालाही बहुमत मिळालं नाही, पण हा अगदी उंबरठ्यापर्यंत पोचला होता.

ही कल्पना ‘राहावं’वाल्यांनी हरल्यावर शोधून काढली, असा एक समज आहे. तसं नाही. पुढे ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक म्हणून गाजलेले जेकब रीस-मॉग यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच सभागृहात म्हटलं होतं, की दोन सार्वमतं घेता येतील, आणि दुसरं वाटाघाटी पुऱ्या झाल्यावर घेणं जास्त शहाणपणाचं ठरेल. कॅनडाच्या क्युबेक प्रांताने १९८० मध्ये तर हे मतपत्रिकेवरच छापलं होतं. कॅनडाशी सार्वभौमत्वाबद्दल बोलणी करायचा अधिकार सरकारला द्या, आणि त्यातून जो बदल निघेल तो दुसऱ्या सार्वमतात मंजुरी मिळाल्याशिवाय अमलात येणार नाही. जवळपास ६० टक्के मतदारांनी बोलणीही नको म्हटलं, त्यामुळे दुसऱ्या पायरीची वेळ आली नाही. न्यूझीलंडमध्ये ती आली. १९९२ मध्ये निवडणुकीची पद्धत बदलायची का आणि बदलली तर कोणती, हे विचारलं. सुमारे ८५ टक्के बदलाच्या बाजूने. १९९३ मध्ये ती निवडलेली पद्धत जुन्या पद्धतीसमोर उभी केली, तर बदलाची बाजू जेमतेम ५४ टक्क्यांवर आली. ‘बदल हवा’ म्हणणं आणि ‘हाच बदल हवा’ म्हणणं यात किती अंतर पडतं ते या दोन आकड्यांत दिसतं. तिथे कोणी फसवणूक म्हणून ओरडलं नाही, कारण दोन पायऱ्या आहेत हे पहिली चढतानाच माहीत होतं.

ब्रिटनमध्ये पहिल्या मतदानाआधी असं काहीच ठरलेलं नव्हतं. शिवाय एक अवघड सवाल कायम राहिला: करार नापसंत झाला तर काय? कराराविना बाहेर पडायचं, की संघातच राहायचं? ‘राहावं’ हा पर्याय मतपत्रिकेवर आणला, की मंजुरीचं सार्वमत मागच्या दाराने फेरसार्वमत होतं. तो न आणला, तर देशातल्या ४८ टक्क्यांना निवडायला काही उरत नाही. तिन्ही पर्याय छापले, तर बाहेर पडणाऱ्यांची मतं दोन ठिकाणी फुटतात. ‘पीपल्स व्होट’वाल्यांनी याचं सरळ उत्तर दिलं नाही, असं मला वाटतं. भाषा मंजुरीची होती, मोर्च्यांत झेंडे मात्र युरोपीय संघाचे होते. २०१६ चा कौल मोडला तर लोकांचा विश्वासघात होईल, हे मे यांचं म्हणणं त्यामुळेच पटत गेलं. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने आधी नवा करार, मग तो करार की संघात राहणं यावर सार्वमत, असं आश्वासन दिलं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या आणि तो विषय तिथेच मिटला.

‘हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतात’ या टोमण्याचा उगम मात्र ब्रिटनच्या शेजारी आहे. आयर्लंडमध्ये १९८७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, युरोपचा करार राज्यघटनेला धक्का लावणारा असेल तर लोकांना विचारावं लागतं. जून २००१ मध्ये युरोपीय संघाच्या नीस इथल्या कराराला आयरिश मतदारांनी ‘नाही’ म्हटलं, ऑक्टोबर २००२ मध्ये त्याच कराराला ‘हो’. संघाच्याच पुढच्या, लिस्बनच्या कराराचं तसंच: २००८ ला नकार, २००९ ला ६७ टक्क्यांनी होकार. दोन्ही वेळा कराराच्या मजकुरातला स्वल्पविरामही हलला नव्हता. सोबत हमीपत्रं आली, तटस्थतेबद्दल, आणि लिस्बनच्या वेळी करांबद्दल, गर्भपाताबद्दल, प्रत्येक देशाचा एक आयुक्त राहील याबद्दल. वर मंजुरीचा वेष, आत फेरसार्वमत.

पण नीसचे आकडे नीट बघावेत. पहिल्या वेळी ‘नाही’ची मतं सुमारे ५ लाख २९ हजार, दुसऱ्या वेळी ५ लाख ३४ हजार. म्हणजे नकार देणारे कमी झालेच नाहीत. ‘हो’ची मतं मात्र ४ लाख ५३ हजारांवरून ९ लाख ६ हजार झाली. पहिल्या वेळी मतदान जेमतेम ३५ टक्के होतं; घरी बसलेले दुसऱ्यांदा बाहेर पडले. लोकांना वाकवलं असं म्हणणाऱ्यांना हे गैरसोयीचं आहे. आणि पहिल्या निकालात ‘लोकांचा आवाज’ ऐकणाऱ्यांनाही.

डेन्मार्कचा दाखला त्याहून स्वच्छ आहे. जून १९९२ मध्ये युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्टचा करार तिथे ५०.७ टक्क्यांनी फेटाळला गेला. मग डेन्मार्कने चार सवलती मिळवल्या: समान चलन, संरक्षण, नागरिकत्व, न्याय आणि गृहव्यवहार. मे १९९३ मध्ये ५६.७ टक्के ‘हो’ म्हणाले. विचारलेली गोष्ट खरोखर बदलली होती. तरीही निकालाच्या रात्री कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात दंगल उसळली, पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि किमान ११ जण जखमी झाले. दोन सार्वमतांतला फरक कितीही खरा असला, तरी हरलेल्याला तो दिसेलच असं नाही.

काळाचं अंतर हा आणखी एक भाग, त्यावर फार वाद होत नाही. आयर्लंडने घटस्फोट १९८६ मध्ये नाकारला आणि १९९५ मध्ये अवघ्या ९,११४ मतांनी स्वीकारला. नऊ वर्षांनी तोच प्रश्न विचारणं कोणालाही सहसा उर्मटपणाचं वाटत नाही. उलट फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर, स्वातंत्र्य हवं का या प्रश्नावर तीन फेऱ्यांची सोय १९९८ च्या नूमेआ करारातच होती. तिसरी २०२१ मध्ये झाली तेव्हा स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला, ‘नाही’ला ९६ टक्क्यांहून जास्त मतं पडली, आणि वाद मिटला नाही. नियम आधी ठरलेले असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही.

आपल्या जवळचा दाखला गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभा निवडणूक जिंकला आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे कौल हरलेली बाजू सत्तेवर होती, फेरसार्वमत मागायला याहून चांगली स्थिती कुठली? तरी तो प्रश्न मतपेटीत परत गेला नाही. पुढचा प्रश्नही गेला नाही: वेगळं राज्य हा पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हताच. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं ते संसदेच्या कायद्याने, दुसरा कौल न घेता. त्याच दिवशी दमण आणि दीव गोव्यापासून वेगळे झाले आणि केंद्रशासितच राहिले.