डीइंटरलेसिंग : फ्रेमची निवड

इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपणाऱ्या) व्हिडिओतील कोणत्या फ्रेमवर प्रक्रिया करायची आणि कोणती जशीच्या तशी पुढे पाठवायची, हे डीइंटरलेसिंग फिल्टरने ठरवण्याची रीत. भारतातील रंगीत दूरदर्शन प्रसारण १९८२ मध्ये ज्या पाल पद्धतीने सुरू झाले, तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० फील्ड असतात; फील्ड म्हणजे फ्रेमच्या फक्त सम किंवा फक्त विषम ओळी. एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या असल्यामुळे संगणकाच्या पडद्यावर हलत्या वस्तूंच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. हे दाते घालवण्यासाठी फिल्टर एक फील्ड कायम ठेवून दुसऱ्याच्या ओळी आजूबाजूच्या ओळी व मागच्या-पुढच्या फ्रेम यांवरून नव्याने रचतो. मुळात प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सर्व ओळी एकाच क्षणाच्या असलेल्या फ्रेमवर हाच प्रयोग केल्यास तिचा बारकावा विनाकारण हरवतो.

निवडीचा सर्वांत स्वस्त आधार म्हणजे फ्रेमसोबत येणारी खूण. एमपेग-२ या व्हिडिओ-संकुचन पद्धतीत चित्र प्रोग्रेसिव्ह आहे का, वरचे फील्ड आधी दाखवायचे का आणि पहिले फील्ड पुन्हा दाखवायचे का, हे प्रत्येक चित्रासोबत नोंदवलेले असते. तरीही एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रक्रियेच्या संगणक-साधनातील याडिफ हा फिल्टर, वेगळे काही सांगितले नाही तर, सर्वच फ्रेमवर प्रक्रिया करतो. ‘डीइंट’ या पर्यायाला ‘इंटरलेस्ड’ हे मूल्य दिले, तरच इंटरलेस्ड अशी खूण नसलेल्या फ्रेमना तो हात लावत नाही. प्रत्येक फील्डमागे एक फ्रेम काढण्याच्या पद्धतीत या पर्यायाचा एक उपद्रवही आहे: इंटरलेस्ड फ्रेममधून दोन फ्रेम निघतात, सोडून दिलेल्या फ्रेममधून मात्र एकच, आणि त्यामुळे फ्रेममधील अंतर असमान होते.

खूण हा एन्कोडरचा, म्हणजे व्हिडिओ संकुचित करणाऱ्या प्रणालीचा, दावा असतो, चित्राचे निरीक्षण नव्हे. चित्रपट २५ फ्रेमच्या वेगाने इंटरलेस्ड प्रवाहातून प्रसारित होतो, तेव्हा दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असूनही फ्रेमवर इंटरलेस्ड अशीच खूण असू शकते. उलट निष्काळजीपणे पुन्हा एन्कोड केलेल्या फाइलमध्ये दाते चित्रात पक्के बसतात आणि खूण नाहीशी होते. अशा वेळी एफएफएमपेगमधील आयडेट फिल्टर लगतच्या फ्रेममधील ओळींची तुलना करून फ्रेमचा प्रकार ठरवतो, आणि खूण अविश्वसनीय आढळल्यास ती पुसूनही टाकू शकतो. मात्र स्थिर दृश्यात दोन्ही फील्ड सारखीच दिसतात, त्यामुळे तेथे त्याला निर्णय देता येत नाही.

टेलिसिनची, म्हणजे चित्रपट दूरदर्शनच्या फ्रेम-वेगात रूपांतरित करण्याची, गोष्ट वेगळी. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट सुमारे ३० फ्रेमच्या एनटीएससी या दूरदर्शन पद्धतीसाठी रूपांतरित करताना दर ४ फ्रेमच्या ५ होतात. त्यांपैकी ३ अखंड, तर २ भिन्न फ्रेमच्या फील्डची मिसळ असते. येथे ओळी नव्याने रचण्यापेक्षा फील्डमॅच फिल्टरने योग्य जोड्या जुळवणे आणि मग डेसिमेट फिल्टरने जादा फ्रेम काढून टाकणे श्रेयस्कर. जोडी न जुळलेल्या फ्रेमवर फील्डमॅच इंटरलेस्ड अशी खूण करतो, आणि फील्डमॅच व डेसिमेट या दोहोंमध्ये ‘इंटरलेस्ड’ मूल्यासह ठेवलेला याडिफ केवळ तेवढ्याच फ्रेमवर प्रक्रिया करतो.