खिडकीवरचा दर आणि ॲपवरचा दर

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारीत होणाऱ्या ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांची तिकिटे ‘बुकमायशो’वर खुली झाली. दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. एक कोटीहून जास्त लोक साइटवर धडकले. तीन रात्रींची मिळून तिकिटे होती दीड लाखाच्या आसपास. पणजी, मडगाव, म्हापशातली मुलेही घरच्या वायफायवर त्या रांगेत बसली होती आणि बहुतेकांना शेवटी ‘सोल्ड आउट’ एवढेच दिसले. त्यानंतर थोड्याच वेळात ‘वियागोगो’ या परदेशी पुनर्विक्रीच्या साइटवर त्याच कार्यक्रमाची तिकिटे लाखांच्या घरात विकायला लागलेली दिसली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या प्रमुखांना चौकशीला बोलावले, पुढच्या महिन्यात ईडीने पाच शहरांत छापे घातले. तिकिटांचा काळाबाजार हा राष्ट्रीय बातमीचा विषय झाला तो त्या पंधरवड्यात. त्यामागचा इतिहास मात्र बराच लांबचा आहे, आणि त्याचा एक पदर गोव्यातून जातो.

गोव्यात गाणे-नाटक पाहायला पैसे मोजायची सवय तशी उशिरा लागली. अंत्रूज महालात, डिचोलीत, सत्तरीत गावच्या जत्रेला मराठी नाटक होते ते देवळाच्या मांडवात. खर्च वर्गणीतून, देणगीतून आणि पावणीतून (देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावातून) निघतो, आणि बसायला जागा मिळते ती लवकर येणाऱ्याला. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ ही गाणारी माणसे याच देवळांच्या परिसरातून पुढे आली. ऐकणाऱ्याने गाण्यासाठी दारात पैसे द्यायचे हा व्यवहार त्या मांडवात नव्हताच. आजही अनेक गावांत उत्सवी नाटक असेच फुकट होते आणि हजार-हजार माणूस पहाटेपर्यंत बसतो.

तिकीट आले ते व्यावसायिक कंपन्यांबरोबर. मराठी रंगभूमीवर चढ्या तिकिटाचे उदाहरण हवे तर ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ घ्यावा. मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, दर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ठेवले होते. पण तो प्रयोग स्वातंत्र्यचळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी होता आणि हे आधीच जाहीर होते. जादा पैसा कुठे जातो ते प्रेक्षकाला ठाऊक होते. आजच्या तक्रारीची नाडी मला इथेच सापडते. महाग तिकीट काढणारा माणूस कुरकुरतो आणि पैसे भरतो. आपले पैसे कोणाच्या खिशात गेले हेच कळत नाही तेव्हा तो चिडतो.

कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात मुंबईचे नाटक आले की तिकीट खिडकीवर मिळायचे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला प्लॅन, त्यावर रांगांच्या चौकोनी खुर्च्या, आणि खिडकीतला माणूस लाल पेन्सिलीने एकेक खुर्ची खोडत जायचा. पहिल्या दोन-तीन रांगा आधीच खोडलेल्या असायच्या, त्या कोणासाठी हे सगळ्यांना माहीत असायचे आणि त्यावरून भांडणेही व्हायची. पण भांडायला समोर माणूस होता. छापलेल्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त द्यावा लागत नसे. ब्लॅक होते ते सिनेमा थिएटरच्या बाहेर. हिंदी चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही शहरातल्या थिएटरच्या फाटकापाशी खालच्या आवाजात ‘बाल्कनी, बाल्कनी’ म्हणत फिरणारी पोरे पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवतील.

गोव्याला या बाबतीत खरा चटका बसला तो फातोर्ड्याला. ६ एप्रिल २००१ रोजी नेहरू स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना होता. बनावट तिकिटे बाजारात आल्याचे उघड झाले, हातात तिकीट असलेली माणसे फाटकाबाहेर राहिली, पोलीस केस झाली आणि ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षे कोर्टात चालले. तेव्हा इंटरनेटवर तिकीट काढायची सोय आपल्याकडे जेमतेम सुरू होत होती. म्हणजे कागदी तिकिटाच्या काळात सगळे स्वच्छ होते असे म्हणता येणार नाही.

मग डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला. त्याआधी हणजुणे-वागातोरला तीनेक दशके रात्रभर पार्ट्या चालत. त्यांना फाटक नव्हते, तिकीट नव्हते. त्याच किनारपट्टीवर कुंपण, मनगटाचा पट्टा, ‘अर्ली बर्ड’, ‘फेज वन’, ‘फेज टू’, व्हीआयपी असे दराचे मजले उभे राहिले. २०१३ पासून ‘सुपरसॉनिक’ही कांदोळीला आला. सनबर्न २०१६ ला पुण्याला गेला, नंतर वागातोरला परतला, २०२४ ला पेडण्यातल्या धारगळला गावकऱ्यांच्या विरोधात झाला आणि २०२५ ला मुंबईला गेला. या सगळ्या वर्षांत आपल्याकडे चर्चा झाली ती आवाजाची, ट्रॅफिकची, ड्रग्जची, ग्रामसभेच्या ठरावांची. ती व्हायलाच हवी होती. पण तिकीट काढणारा हाही एक ग्राहक आहे, त्याच्याकडून दरावर दर कसा घेतला जातो, हे कोणी विचारले नाही. बाहेरून आलेले पर्यटकच तिकीट काढतात, त्यांचे काय ते ते बघतील, असा आपला समज होता. आता त्याच ॲपवर आपली मुले नाटकाचे, फातोर्ड्याच्या फुटबॉलचे आणि सिनेमाचे तिकीट काढतात.

गेल्या वर्षी भाच्याबरोबर बसून एका कार्यक्रमाचे तिकीट काढत होते. यादीत दर १,५०० रुपये. पुढच्या पानावर २७० रुपये कर. त्याच्या पुढच्या पानावर १५० रुपये कन्व्हिनियन्स फी (सोयीबद्दलचे शुल्क), आणि त्या फीवर १८ टक्क्यांनी २७ रुपये. वर कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत होते. “मावशी, पंधराशेचे एकोणीसशे सत्तेचाळीस कसे झाले?” त्याने विचारले, आणि मी उत्तर देईपर्यंत वेळ संपेल म्हणून त्यानेच पैसे भरून टाकले. कर समजण्यासारखा आहे: ५०० रुपयांपर्यंतच्या नाटक-संगीताच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, वर १८ टक्के. पण तो पहिल्याच पानावर धरून दाखवायला काय अडचण होती? आणि कन्व्हिनियन्स फी घेताना दुसरा मार्ग उपलब्ध हवा. त्या कार्यक्रमाला खिडकीच नव्हती. मग ही सोय कोणाची?

ही फी कोणी विसराळूपणाने लावलेली नाही. तिची रचना अमेरिकेत झाली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ‘टिकटमास्टर’ ही कंपनी १९७६ मध्ये ॲरिझोनात निघाली. तेव्हा बाजारात मोठी होती ‘टिकेट्रॉन’. १९८२ मध्ये फ्रेड रोझेन हे वकील टिकटमास्टरचे प्रमुख झाले आणि त्यांनी सभागृहांपुढे वेगळाच सौदा ठेवला: तुमची सगळी तिकिटे फक्त आमच्यामार्फत विका, आम्ही गिऱ्हाइकाकडून सेवाशुल्क घेऊ आणि त्यातला वाटा तुम्हाला देऊ. सभागृहाला तिकिटाचा दर न वाढवता जादा पैसा मिळाला. लोकांच्या शिव्या खायचे काम कंपनीने पत्करले, आणि त्या कामाचेच तिला पैसे मिळत राहिले. १९९१ पर्यंत तिने टिकेट्रॉनच विकत घेतली. म्हणूनच ‘ॲपवाले लुटतात’ एवढे म्हणून भागत नाही. फीच्या आकड्यात सभागृहाचा आणि आयोजकाचा वाटा असू शकतो, आणि तो वाटा गिऱ्हाइकाला दिसू नये अशीच मांडणी असते.

याला भिडायचा पहिला मोठा प्रयत्न ‘पर्ल जॅम’ या बँडने केला. तिकीट वीस डॉलरच्या आत आणि त्यावरची फी १.८० डॉलरपेक्षा जास्त नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९९४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली, ३० जूनला बँडमधले दोघे काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला बसले. टिकटमास्टर टाळून दौरा करायचा तर मोठी सभागृहेच मिळेनात. जुलै १९९५ मध्ये खात्याने चौकशी गुंडाळली. २०१० मध्ये टिकटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी ‘लाइव्ह नेशन’ एक झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या तिकिटांवर एका दिवसात साडेतीन अब्ज विनंत्या आदळल्या, यंत्रणा कोलमडली, सर्वांसाठीची खुली विक्री रद्द करावी लागली. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने या जोडकंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. पर्ल जॅमच्या तक्रारीला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

काळाबाजार तर त्याहून जुना. १८६७ मध्ये चार्ल्स डिकन्स न्यूयॉर्कला वाचनाचे कार्यक्रम करायला गेले तेव्हा दलालांनी भाड्याची माणसे रांगेत उभी करून तिकिटे उचलली होती. इंटरनेटने भाड्याच्या माणसाच्या जागी प्रोग्रॅम बसवला. ‘वाइजगाय’ नावाच्या टोळीने २००२ ते २००९ या काळात ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारणारी परीक्षा ओलांडणारा प्रोग्रॅम लिहून घेतला आणि दहा लाखांहून जास्त तिकिटे उचलली. नफा अडीच कोटी डॉलरच्या वर. असे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, वापरण्यावर अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरमध्ये कायद्याने बंदी आली.

आपल्याकडे बिगट्री ही कंपनी १९९९ ची, तिचे बुकमायशो हे नाव २००७ चे. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीटव्यवसाय २,०४८ कोटींना घेतला आणि ‘डिस्ट्रिक्ट’ हे ॲप काढले. म्हणजे देशभरातल्या मोठ्या कार्यक्रमांचा दरवाजा बहुतांशी दोन ॲपच्या हातात आहे. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावर जादा शुल्क घ्यायला मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. व्यवसाय कसा करायचा हे ठरवण्याच्या घटनादत्त हक्काला असा नुसता सरकारी आदेश बांध घालू शकत नाही, असा त्याचा रोख. पर्वरीचे खंडपीठ याच न्यायालयाचे, तेव्हा हा निकाल गोव्यालाही लागू पडतो. ग्राहकाच्या बाजूने उभी असलेली गोष्ट म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे. त्यांत तेरा फसव्या मांडण्यांची यादी आहे, आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे व खोटी घाई लावणे या दोन्ही त्यात आहेत.

मला सर्वांत खटकते ते वेगळेच. चवथीला कोकण रेल्वेचे तिकीट दलालाने उचलून चढ्या दराने विकले तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम ऑनलाइन काढलेल्या तिकिटांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्याच जानेवारीत कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळाबाजाराला आळा घालणारे नियम करा अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि सरकारचे काम आहे, असे सांगून. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या अनधिकृत तिकीटविक्रीचा उल्लेख आहे, शिक्षा एक ते सात वर्षे. पण टोळी सिद्ध झाली पाहिजे. परदेशी साइटवर बसून एकट्याने दहा तिकिटे पाचपट दराने विकणाऱ्याला ते कसे पकडणार?

नाट्यगृहे, खेळ आणि करमणूक हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत, ३३ व्या नोंदीत आहेत. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ दरापेक्षा जास्त दराने पुनर्विक्रीवर बंदी आणण्याचे जाहीर केले. गोवा विधानसभेला तसा कायदा आणायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. कायदा होईपर्यंत, किनाऱ्यावर किंवा पठारावर मोठा कार्यक्रम भरवायला सरकारची परवानगी लागतेच. आवाजाची आणि पार्किंगची अट जशी घालतात तशी तिकिटाचीही अट घालता येईल. कर-फीसकट पूर्ण दर पहिल्याच पानावर दाखवावा, फीमध्ये कोणाचा किती वाटा ते लिहावे, काही तिकिटे पणजी-मडगावच्या खिडकीवर फीशिवाय ठेवावीत, आणि फुकटच्या पासांत किती खुर्च्या गेल्या व विक्रीला किती उरल्या हा आकडा विक्री सुरू होण्याआधी आयोजकाने जाहीर करावा.