अँडीजमधून बसने : मित्रांच्या ग्रुपने निघण्याआधी वाचायचं पत्रक

पेरूची राजधानी लिमाहून अँडीजच्या डोंगरांतल्या कुस्कोला थेट बस आहे. वीस-बावीस तासांची आहे, आरामाची आहे, आणि तिचं तिकीट आम्ही तुम्हाला काढून देणार नाही.

कारण सांगतो. लिमा समुद्राकाठी आणि कुस्को ३४०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ लेहच्या उंचीवर. मधल्या रस्त्यात गाडी ४००० मीटरच्याही वर चढते, उतरते, पुन्हा चढते. आम्ही ऑफिसमधले तिघं पहिल्यांदा गेलो ते याच गाडीने. अबान्काय यायच्या आधीच आमच्यातल्या एकाला उलट्या सुरू झाल्या. घाट म्हटल्यावर गाडी लागणारच, म्हणून आम्ही त्याला आवळासुपारी चारत राहिलो. कुस्कोला उतरून खोलीत आडवं झाल्यावरही डोकं ठणकायचं थांबेना, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा लक्षात आलं की याला गाडी लागलेली नाही, उंची लागली आहे. तिकडे या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात आणि कुठल्याही औषधवाल्याला तो शब्द कळतो. त्याचे दोन दिवस खोलीत गेले, आमचेही गेले. तेव्हापासून आमचा रस्ता वळसा घालून जातो. त्यात चार-पाच दिवस जास्त लागतात. ते दिवस कापून सहल पंधरा दिवसांत बसवा असा आग्रह दर मोसमात एखादा ग्रुप धरतोच. पूर्ण रस्त्याला लागणारे २१ दिवस नसतील तर बोलिव्हिया सोडा, पण चढण कापू नका.

आमचा रस्ता असा. लिमाहून किनाऱ्याने दक्षिणेला पाराकास, मग वाळवंटातलं नास्का. इथवर सगळं सखल आहे, जेट लॅग इथेच संपवायचा. नास्काहून रात्रीच्या गाडीने आरेकिपा, उंची २३३५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तेव्हा ही उंची तुमच्या फुप्फुसांना नवीनच आहे, पण झेपणारी. आरेकिपाला तीन रात्री तरी राहा. पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं गाव, मागे ५८२२ मीटरचा मिस्ती. ट्रेक न करताही दिवस बरे जातात. तिथून कुस्को. मात्र त्या रात्री कुस्कोत झोपायचं नाही. स्टँडवरूनच पुढे खोऱ्यात ओयांतायतांबोला उतरायचं, ते २८०० मीटरवर आहे. माचू पिच्चू तर २४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. फोटो पाहून लोकांना नेमकं उलटं वाटतं. माचू पिच्चू झालं की कुस्कोत सावकाश राहायचं, मग पुनो आणि तितिकाका सरोवर (३८१२ मीटर), सीमा ओलांडून बोलिव्हियातलं कोपाकाबाना, ला पाझ, आणि शेवटी उयुनीचं मिठाचं वाळवंट. परत ला पाझला येऊन विमान. ला पाझचा विमानतळ ४००० मीटरच्या वर आहे, म्हणून सहलीची सुरुवात आम्ही तिथून कधीच ठेवत नाही, शेवट ठेवतो.

उंचीबद्दल एवढं लक्षात असू द्या. तितिकाकाच्या काठावर दर श्वासात मिळणारा प्राणवायू मुंबईच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. जिमला जाणाऱ्याला त्रास होणार नाही असं काही नसतं. उलट तब्येतीचा भरवसा असलेला माणूसच पहिल्या दिवशी पळापळ करतो आणि दुसऱ्या दिवशी झोपून राहतो. पहिले दोन दिवस दारू नको, रात्रीचं जेवण हलकं, पाणी भरपूर. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, किती घ्यायची, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. डोकेदुखी विश्रांतीने कमी होत असेल तर काळजी नाही. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच वेळी डॉक्टर गाठा आणि खाली उतरा. त्या माणसाला एकटं खोलीत सोडून बाकीचे फिरायला गेले, असं करू नका. मित्र बरोबर असण्याचा खरा उपयोग हाच.

कोकाच्या पानांचा चहा प्रत्येक हॉटेलात फुकट ठेवलेला असतो. पेरू आणि बोलिव्हियात तो कायद्याने चालतो, तिथेच प्या. येताना त्याचं एक पाकीटही सॅकमध्ये राहू देऊ नका. अमेरिकेत आणि आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि ‘मैत्रिणीसाठी आणला होता’ हे कस्टमला सांगण्यासारखं कारण नाही.

आता गाड्यांविषयी. लांब पल्ल्याच्या गाड्या बहुतेक दुमजली असतात. ‘सेमी-कामा’ म्हणजे पाठ साधारण १४० अंशांत मागे जाणारी खुर्ची, ‘कामा’ म्हणजे १६०. कामाचा अर्थ पलंग, पण आपल्या स्लीपरसारखी आडवी बर्थ मिळेल असं समजू नका. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या रांगेसाठी ग्रुपमध्ये भांडणं होतात. तिथून अख्खी दरी दिसते, आणि प्रत्येक वळण पोटातही तिथेच जास्त जाणवतं. ज्याला गाडी लागते त्याने खालचा मजला घ्यावा. गाडीतलं स्वच्छतागृह फक्त लघवीसाठी असतं, तशी पाटी लावलेली असते आणि ती गंमत म्हणून लावलेली नाही. हीटर एक तर उकडवतो नाही तर बंद असतो. स्वेटर आणि टोपी डिकीतल्या सॅकमध्ये टाकून वर बसलात तर उयुनीच्या रात्रीच्या गाडीत पहाटेपर्यंत पश्चात्ताप कराल. जून-जुलैत तिथे पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश जातो.

डिकीत सॅक दिली की पावती घ्या, तिचा फोटो काढा. लहान बॅग वरच्या फळीवर किंवा सीटखाली नको, मांडीवर हवी, पट्टा पायात अडकवून. पासपोर्ट, पैसे, औषधं त्याच बॅगेत. तिकिटावर पासपोर्ट नंबर असतो, चढताना तपासतात. बहुतेक स्टँडवर प्रवाशांकडून वेगळी छोटी फी घेतात. तिची पावती निराळ्या खिडकीवर मिळते आणि ती नसेल तर गाडीत चढल्यावर पुन्हा खाली उतरवतात, म्हणून चिल्लर जवळ ठेवा. लिमाला मात्र एकच मोठं स्टँड नाही. बऱ्याच कंपन्यांचा थांबा आपापला असतो, त्यामुळे टॅक्सीवाल्याला ‘बस स्टँड’ म्हणू नका, तिकिटावरचा पत्ता दाखवा.

गाडी किती वाजता सुटते हे स्पॅनिशमध्ये ‘आ के ओरा साले?’ असं विचारतात. पहिल्यांदा विचारताना आपल्या ग्रुपमध्ये सगळे फिदीफिदी हसतात, खिडकीमागच्या बाईंना कळत नाही काय झालं. हसून झाल्यावर उत्तर नीट ऐका आणि वहीत लिहून घ्या. पेरूची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, बोलिव्हियाची साडेनऊ. म्हणजे कासानीची सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करायचं. मोबाइल आपोआप करेल या भरवशावर कोपाकाबानाहून सुटणारी गाडी चुकते.

सीमेवर आधी पेरूचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग चालत कमानीपलीकडे, मग बोलिव्हियाचा शिक्का. दोन्ही पासपोर्टमध्ये उमटले आहेत हे तिथेच उभं राहून बघा. कोपाकाबानाहून ला पाझला जाताना तिकिनापाशी सरोवर आडवं येतं आणि पूल नाही. सगळ्यांनी खाली उतरायचं, वेगळं तिकीट काढून छोट्या होडीतून पलीकडे जायचं, आणि तुमची रिकामी बस सपाट तराफ्यावर डुलत मागून येते. तुमच्या सॅक तिच्या पोटात असतात. जिवाला घोर लागतो, पण बघण्यासारखं दृश्य आहे. तिथेच बोलिव्हियाच्या नौदलाचा तळ दिसेल. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीकडे किनारा गेला, समुद्र उरला नाही, आरमार मात्र त्यांनी ठेवलं.

खाण्याबद्दल विचारणाऱ्यांना आम्ही आधी एक गोष्ट सांगतो. साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, चौघंही मूळचे लॅटिन अमेरिकेचे. आपल्या उपवासाच्या ताटाचं हे आजोळ, आणि तरीही तिथे शाकाहारी माणूस उपाशी राहू शकतो. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको एवढंच म्हटलंत तर ताटात कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ म्हणजे तिथे मुख्यतः गोमांस. पूर्ण म्हणा : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’. पोयो म्हणजे कोंबडी, पेस्कादो म्हणजे मासा. कीन्वा या तिकडच्या धान्याचं सूपसुद्धा पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. दुपारी बाजारातल्या खानावळीत थाळीसारखं ‘मेनू’ मिळतं, ते स्वस्त आणि ताजं. अंडं चालत असेल तर निम्मी अडचण मिटते. गाडी थांबली की बायका टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा विकायला येतात, ते जरूर घ्या. ‘चुन्यो’ नावाचा काळा सुकवलेला बटाटाही एकदा चाखा. थंडीत रात्री गोठवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचा, आपल्या वाळवणासारखाच प्रकार. आम्हाला दोनदा खाऊनही आवडला नाही, पण वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून तिकडे त्याचा मान मोठा आहे. घरून मेतकूट, दाण्याची चटणी, लाडू न्या. भात शिजवायला जाऊ नका. पुनोच्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं आणि डाळ-तांदूळ तासभर टकमक बघत राहतात. चिवड्याची पाकिटं फुगून फुग्यासारखी झाली तर घाबरू नका, उंचीमुळे होतं.

रास्ता रोको तिकडेही होतो, आणि आपल्यापेक्षा दमदार होतो. पेरूत ‘पारो’, बोलिव्हियात ‘ब्लोकेओ’. डिसेंबर २०२२ मध्ये पेरूच्या राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढल्यानंतर दक्षिणेतले रस्ते कित्येक आठवडे अडले होते, जानेवारी २०२३ मध्ये माचू पिच्चूसुद्धा बंद ठेवावं लागलं. बोलिव्हियात २०२४ आणि २०२५ मध्ये डिझेलसाठी पंपांवर लांब रांगा होत्या. म्हणून आमच्या वेळापत्रकात दोन मोकळे दिवस असतात. त्यांवर काहीही बुक करू नका, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री ला पाझमध्येच असा. दगड ठेवलेल्या रस्त्यावरून पलीकडे नेतो म्हणणाऱ्या खासगी गाडीत बसू नका, पैसे कितीही कमी सांगितले तरी.

मोसम मे ते सप्टेंबर. मेच्या सुट्टीत निघालात तर उत्तम, दिवाळीच्या सुट्टीत पाऊस नुकताच सुरू होत असतो, चालतं. उयुनीचा तो आरशासारखा फोटो हवा असेल तर जानेवारी ते मार्च, पण तेव्हा घाटात दरडी कोसळतात. दोन्ही एका सहलीत मिळणार नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त विसरली जाते ती पीतज्वराची लस. अँडीजच्या उंचीवर तो आजार नाही, पण आपल्या सरकारचा नियम देशावरून चालतो. पेरू-बोलिव्हियाहून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड जन्मभर चालतं, पासपोर्टला पिनने टाचू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा निदान सहा महिने मुदतीचा व्हिसा असेल तर भारतीयांना २०१७ पासून पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकिटं काढण्याआधी आम्ही दिल्लीच्या वकिलातीकडून दर वेळी खात्री करून घेतो. बोलिव्हियाचे कागद इथूनच करून निघायचे. विमान अमेरिकेतून बदलत असेल तर नुसत्या बदलासाठीही व्हिसा लागतो. विम्याच्या पॉलिसीत उंचीची मर्यादा घातलेली असू शकते. ४५०० मीटरपर्यंत चालेल अशीच घ्या, आणि ते वाक्य आम्हाला कागदावर दाखवा.

ग्रुप चार ते सहा जणांचा ठेवा. उयुनीच्या जीपमध्ये सहा बसतात, सात झाले की दोन गाड्या आणि दुप्पट भांडण. रोजची कॉन्ट्री काढत बसण्यापेक्षा प्रत्येक देशात एकाकडे सामायिक पाकीट द्या, सीमा ओलांडताना हिशेब मिटवा आणि खजिनदार बदला. डॉलर न्याल ते कोरे करकरीत न्या, कोपरा फाटलेली नोट कोणी घेत नाही.

आमच्याकडून मिळेल ते असं : आखलेला रस्ता, व्हिसाचे कागद, लिमा आणि आरेकिपातल्या मुक्कामाची सोय, माचू पिच्चूचं प्रवेश तिकीट आणि तिथवरच्या रेल्वेचं आरक्षण (कुस्कोहून थेट रस्ता नाही आणि प्रवेशाची संख्या मर्यादित, त्यामुळे हे महिनोन् महिने आधी), लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या जागा. बरोबर माणूस पाठवत नाही. व्हॉट्सॲपवर सकाळी साडेसहाला आम्ही हजर असतो, तेव्हा कुस्कोत रात्रीचे आठ वाजलेले असतात. रास्ता रोकोमुळे बुडालेल्या तिकिटाचे पैसे बस कंपनीने दिले तरच आम्ही परत देऊ शकतो.

पहिल्या भेटीला शनिवारी दुपारी या, आणि सगळे या. ‘तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल’ म्हणणारा जो मित्र असतो, त्याला तर आधी आणा. येताना पासपोर्ट, जुन्या व्हिसांच्या झेरॉक्स, आणि कोणाला दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. चहा आम्ही देऊ, साधाच.